नागपूरच्या आसपास: पहाटे निघायचं आणि दहाच्या आत घरी. कुठे जाता येईल?

दिघोरीकर | रविवार, ६ जून २०२१, रात्री ९.४०

नमस्कार मंडळी. उद्यापासून आपला जिल्हा अनलॉकच्या पहिल्या स्तरात, म्हणजे बरंचसं उघडणार. आम्हाला बाजारात जायचं नाही, मॉलमध्ये तर नाहीच. फक्त एकदा घराबाहेर पडून, काहीतरी बघून, परत यायचंय.

घरी आम्ही चौघं. मी, बायको, नऊ वर्षांची मुलगी आणि चौऱ्याहत्तर वर्षांचे बाबा. बाबा गेल्या वर्षीच्या मार्चपासून फाटकाबाहेर दोनदाच पडलेत, एकदा लसीसाठी आणि एकदा दाढ काढायला. लसीचा एकच डोस झालाय, दुसऱ्याला आता ८४ दिवस थांबा म्हणतात. मागच्या आठवड्यात सकाळी ते दिसेनात म्हणून शोधलं, तर पोर्चमध्ये उभ्या असलेल्या गाडीत बसले होते. दार उघडं, मांडीवर पेपर. "काय झालं?" विचारलं तर म्हणाले, "काही नाही. बसलो."

म्हणून हा धागा.

अटी अशा: मुक्काम नाही. हॉटेल नाही, टपरी नाही, डबा घरचा. जिथे गर्दी दिसेल तिथे गाडीतून उतरायचंच नाही. जाताना फार तर साठ किलोमीटर. आणि दहाच्या आत घरी, कारण नवतपा, म्हणजे कडक उन्हाचे ते नऊ दिवस, २ तारखेला संपला म्हणतात, पण उन्हाला ते कुणी कळवलेलं दिसत नाही.

सुचवा.

धरमपेठची वैनी | ६ जून, रात्री १०.०५

फुटाळा तलाव सोडून कुठेही जा. आज संध्याकाळी आम्ही गाडीतूनच एक चक्कर मारली. पाळीवर बसायला जागा नाही, एकेका गाडीवर तिघं तिघं, आणि मास्क सगळ्यांचे हनुवटीला. जणू हनुवटीलाच कोरोना होतो. ह्यांनी गाडी वळवली नि घरी आलो, गच्चीवर चटई टाकून आइस्क्रीम खाल्लं. तीच आमची सहल.

सायकलभाऊ | ६ जून, रात्री १०.३१

भाऊ, काहून एवढं टेन्शन घेऊन राहिले? गोरेवाडा तलाव. सूर्य साडेपाचला उगवते, तुम्ही सव्वापाचला तिथं असा. नवीन प्राणिसंग्रहालय नाही म्हणून राहिलो बरं, ज्याचं २६ जानेवारीला उद्घाटन झालं ते. ते सुरू आहे की बंद ते आधी विचारून घ्या. मी तलावाचं सांगतो. १९१२ सालचा तलाव आहे, शहराच्या पाण्यासाठी बांधला होता. पहाटे पाण्यावर बगळे, ढोकरी, पाणकावळे. आणि आता पावसाच्या तोंडावर नवरंग आला आहे. पोरीला दाखवा. हिरवा, निळा, पोटाशी लाल, आणि शेपटी म्हणाल तर जशी कापून टाकली. दिसत नाही लवकर, पण दोन सुरांची शिटी मारते, ती ऐकली की समजून जा.

साडेसातला निघा तिथून. आठनंतर फोटोवाले पोट्टे येतात.

दिघोरीकर | ६ जून, रात्री १०.५०

सायकलभाऊ, उत्तम. पण दिघोरीहून गोरेवाडा म्हणजे अख्खं शहर ओलांडणं. बाबांना शहर नको आहे असं वाटतं.

रात्रपाळी | सोमवार, ७ जून, सकाळी ६.५२

आत्ताच ड्यूटीवरून आले. मोबाईल उघडला तर हा धागा वर.

मी परिचारिका आहे, हॉस्पिटलचं नाव सांगत नाही. एप्रिलमध्ये आमच्या दारात ऑटोतच ऑक्सिजन लावलेली माणसं होती. आत खाट रिकामी होईपर्यंत बाहेरच्यांनी तग धरायचा, असा तो हिशोब. त्याला अजून दोन महिने नाही झाले. एका बाईने मला विचारलं होतं, "सिस्टर, आतला कोणी जाईल का आज?" जाईल म्हणजे डिस्चार्ज नाही. तुम्हाला समजलं असेल.

आणि आता लगेच सहली. कुठे जायचं, काय खायचं. बघा बुवा, मला जमत नाही हे वाचणं.

चणा जोर गरम | ७ जून, सकाळी ८.१५

ताई, मान्य. पण मग काय माणसाने घरातच सडायचं? दिघोरीकर लग्नाला नाही चालले, पहाटे झाडं बघायला चालले. गर्दी करणारे वेगळे आणि हे वेगळे. सगळ्यांना एकाच काठीने हाणू नका.

संपादक मंडळ | ७ जून, सकाळी ११.२०

यानंतरचे चार प्रतिसाद उडवले आहेत. कुणाच्या घरात कोण गेलं आहे हे इथे कुणालाच माहीत नाही, तेवढं लक्षात ठेवून लिहा. धागा चालू राहील.

जुनं नागपूर | ७ जून, दुपारी २.१०

जुनापाणीचं नाव कुणीच कसं घेतलं नाही? काटोल रोडने शहर सोडलं की दहा-बारा किलोमीटर. तिथे माळावर मोठमोठ्या दगडांची वर्तुळं आहेत, एक-दोन नाही, जवळपास तीनशे. लोहयुगातली दफनं. मधे मुरमाचा उंचवटा आणि भोवती काळ्या दगडांचं कडं. एकोणिसाव्या शतकात रिव्हेट-कार्नॅक नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने इथली काही वर्तुळं खणली, तेव्हा लोखंडी कट्यार, चपट्या कुऱ्हाडी, कडी, घोड्याच्या तोंडातले लगाम असं काय काय निघालं. म्हणजे बख्त बुलंद शहाने बारा वाड्या एकत्र करून १७०२ मध्ये नागपूर वसवलं, त्याच्या कितीतरी शतकं आधी इथे घोडे आणि लोखंड बाळगणारे लोक होते, आणि मेलेल्या माणसासोबत घोड्याचं सामानही पुरत होते.

काही दगडांवर वाटीएवढे गोल खळगे कोरलेले आहेत. बोट फिरवून बघा, आतून गुळगुळीत लागतात. ते खळगे विशिष्ट दिशांना आहेत का, यावर खगोलशास्त्राच्या अभ्यासकांनीही काम केलंय. माझा भाचा पहिल्यांदा आला तेव्हा म्हणाला, "मामा, हे तर कुणीतरी कॅरम खेळायला केलंय." असो.

पण थांबा. ही जागा केंद्राच्या पुरातत्त्व खात्याची, आणि त्यांची सगळी स्मारकं १५ जूनपर्यंत बंद आहेत, १६ पासून उघडणार. कुंपण नाही म्हणून घुसू नका. तसंही हे बघायचं ते पावसाची एखादी सर पडल्यावर. दगड ओले झाले की खळगे ठळक दिसतात.

सायकलभाऊ | ७ जून, दुपारी २.४४

दहा वर्षं त्या रोडनं सायकल हाणून राहिलो, आणि ते दगड मला ठेकेदारानं टाकलेले वाटत होते!!

जुनं नागपूर | ७ जून, दुपारी ३.०५

सायकलभाऊ, तुम्ही एकटे नाही.

दुसरं, नगरधन. रामटेकच्या अलीकडे सात-आठ किलोमीटर. रामटेकला सगळे जातात, नगरधनला कुणी वळत नाही. आज दिसतो तो किल्ला भोसलेकालीन, पण गाव म्हणजे वाकाटकांचं नंदिवर्धन. मागे तिथल्या उत्खननात प्रभावतीगुप्ताच्या नावाची मातीची मुद्रा सापडली. दुसऱ्या चंद्रगुप्ताची मुलगी, वाकाटक रुद्रसेनाची राणी. नवरा लवकर गेला, पोरं लहान, तेव्हा राज्यकारभार तिने चालवला. किल्ल्यात विहिरीसारख्या पायऱ्या उतरून देवीचं देऊळ आहे. देवळं सध्या बंद आहेत, त्यामुळे आत जाता येणार नाही, पण तटावरून चौफेर भाताची खाचरं दिसतात. सकाळी सहाला तिथे तुम्ही आणि चार शेळ्या.

बाबांना पायऱ्या चालतील का ते बघा. तटाच्या पायऱ्या उंच आहेत.

लोकल गाईड | ७ जून, सायंकाळी ५.३०

वाकी, झिल्पी. पाणीच पाणी. डुबकी मारा, मजा करा.

धरमपेठची वैनी | ७ जून, सायंकाळी ५.४१

डुबकी अजिबात मारू नका. दर उन्हाळ्यात पेपरात तीच बातमी: मित्र पोहायला गेले, एक बुडाला, त्याला काढायला दुसरा गेला. वाकीला कन्हान नदी वरून शांत दिसते, पण रेतीत डोह आहेत, पायाखालची जमीन एकदम सरते. माझ्या शेजारचा मुलगा बारावीत होता. यापुढे लिहीत नाही.

अंभोरा प्रेमी | ७ जून, रात्री ८.१२

साठ किलोमीटरची अट थोडी सैल केलीत तर अंभोरा. कुहीमार्गे सत्तर-पंचाहत्तर पडेल. वैनगंगा, कन्हान, आम, मुर्झा, कोल्हारी अशा पाच नद्यांचा संगम. आता गोसेखुर्द धरणाच्या पाण्याने नुसता समुद्र झालाय. टेकडीवर चैतन्येश्वराचं देऊळ आहे, ते बंद असेल, पण खालून पाणी बघत बसता येतं. मोठ्या पुलाचं काम चालू आहे, तेवढी धूळ सोसावी लागेल. आणि मुकुंदराजांनी विवेकसिंधू लिहिला तो इथेच, हे विसरू नका.

आंबेजोगाईचा नातू | ७ जून, रात्री ८.२०

इथेच म्हणजे आमच्याकडे ना?

अंभोरा प्रेमी | ७ जून, रात्री ८.२२

तुमच्याकडे वैनगंगा कधीपासून वाहते?

आंबेजोगाईचा नातू | ७ जून, रात्री ८.३१

समाधी आमच्याकडे आहे. माणूस जिथे गेला तिथेच त्याने लिहिलं असणार. नाहीतर तुम्हीही पुण्यात बसून नागपूरवर लिहिताच की.

संपादक मंडळ | ७ जून, रात्री ९.००

आद्यकवींचा पत्ता ठरवायला वेगळा धागा काढावा.

वावरवाली | मंगळवार, ८ जून, सकाळी ९.३५

मी काटोलकडची. वाचत होते, म्हटलं लिहावं.

तुम्ही सगळे ठिकाणं शोधून राहिले. पण ओळखीचं कुणाचं वावर नाही का? नागपुरात असं घर कुठे आहे ज्याचा कुणी मामा, साळा, दोस्त वावरवाला नाही? आपल्या माणसाच्या वावरात जा. गर्दीचा प्रश्नच नाही.

आमच्याकडे मागच्या रविवारी फक्त माझे दीर-जाऊ आणि त्यांची पोरं आली होती. रोडगे केले. शहरातल्यांना वाटतं रोडगा म्हणजे बाटीच. नाही हो. कणीक जाडसर दळलेली लागते, त्यात ओवा, मीठ, तेलाचं मोहन. पिठाच्या लाट्या एकावर एक रचून, आत तेल लावून, गोळा वळायचा. गोवऱ्या आधी पेटवून त्यांची राख पडू द्यायची, धूर पूर्ण गेला पाहिजे. मग त्या निखाऱ्यात रोडगे ठेवायचे आणि फिरवत राहायचं. हे फिरवणं पुरुषांकडे द्यावं, नाहीतर ते खाटेवर पडून मोबाईल बघतात. बाहेरून टणक झाले की फडक्यात घेऊन दोन्ही हातांनी दाबायचे. फुटले की आतून वाफ येते, तेव्हा तूप. सोबत वांग्याची रस्सेदार भाजी, आणि वरण पातळ पाहिजे.

पण हे सगळं सकाळी सहाला सुरू केलं तर नऊला खाणं होतं. दहानंतर गोवऱ्यांजवळ उभं राहाल तर तुम्हीच भाजून निघाल.

संत्र्याची बाग बघायला मात्र आता या म्हणणार नाही. मृग बहारासाठी झाडांना ताण दिलेला असतो, पाणी तोडलेलं. पानं मलूल, माती भेगाळलेली. नवा माणूस बघतो आणि म्हणतो, "अरेरे, बाग वाळली." वाळली नाही, उपाशी ठेवली आहे. पाऊस पडला की फुलते.

चणा जोर गरम | ८ जून, सकाळी १०.०२

वाचूनच भूक लागली. नागपूरच्या कुलरपुढे बसून ओट्स खाऊन राहिलो मी.

रात्रपाळी | ८ जून, सायंकाळी ६.१५

काल मी जरा जास्तच बोलले. झोप झाली नव्हती. पण जे लिहिलं ते मागे घेत नाही.

दिघोरीकर, एक विचारू का? इथे सगळ्यांनी तुम्हाला जागा सांगितल्या. बाबांना कुणी विचारलं का, त्यांना काय बघायचंय? वॉर्डात मी रोज बघते. म्हाताऱ्या माणसाबद्दल सगळं त्याच्या मुलाला विचारतात, आणि तो बिचारा छताकडे बघत पडलेला असतो.

आणि न्यायचंच ठरलं तर ऐका. वय झालं की तहान लागल्याचं कळत नाही. त्यामुळे "पाणी हवं का?" असं विचारू नका, ते नाहीच म्हणतील. अर्ध्या तासाने ग्लास हातात द्या. बीपीची गोळी असेल तर तिच्यात लघवी जास्त होण्याचं औषध आहे का, ते त्यांच्या डॉक्टरांना विचारा, उन्हाळ्यात त्यानेच चक्कर येते. काच लावलेल्या गाडीत कुणालाही बसवून पाच मिनिटंही जाऊ नका, सावलीत लावली तरी. कानटोपीसारखा दुपट्टा बांधा, डोकं आणि कान दोन्ही झाकले पाहिजेत. खिशात कांदा ठेवायचा असेल तर ठेवा, त्याने नुकसान नाही, पण तो पाण्याच्या बदल्यात चालत नाही. घाम थांबला, कातडी कोरडी आणि गरम लागली, बोलणं बरळल्यासारखं झालं, तर घरी नेऊ नका. अंगावर पाणी ओतत सरळ दवाखाना.

२३ मे २०१३ ला आपल्याकडे ४७.९ झालं होतं. मी तेव्हा नवीन होते नोकरीत. त्या दिवशी आलेले सगळे म्हणत होते, "जवळच तर जायचं होतं."

दिघोरीकर | ८ जून, रात्री ९.२०

ताई, तुम्ही बोललात ते बरंच केलंत.

जेवताना विचारलं. त्यांनी आधी "मला काय, तुम्ही न्याल तिथे" असंच म्हटलं. मग ताटावरून उठताना, हात धुता धुता म्हणाले, "छोटी लाईन चालू झाली का रे?"

बाबा रेल्वेत गार्ड होते. बहुतेक सगळी नोकरी इतवारी-नागभीड छोट्या गाडीवर. हे मी पहिल्या पोस्टमध्ये लिहिलंच नाही, कारण माझ्या डोक्यातच आलं नाही.

मोतीबागवाला | ८ जून, रात्री ९.४८

अरे वा, छोटी लाईन! आता मला लिहू द्या.

१९०८ साली सुरू झालेली लाईन. दोन रुळांतलं अंतर अडीच फूट, म्हणजे ७६२ मिलीमीटर. इतवारीहून निघून कुही, उमरेड, भिवापूर करत नागभीड. बंगाल नागपूर रेल्वेच्या वारशातलं हे सगळं जाळं, आमच्या घरी आजोबा अजून बीएनआरच म्हणायचे. २५ नोव्हेंबर २०१९ ला गाडी बंद झाली, रूळ मोठे करायचे म्हणून. म्हणजे कोरोनाच्या चार महिने आधी. त्यामुळे बऱ्याच लोकांना वाटतं की लॉकडाऊनने बंद केली. काका निवृत्त असतील तेव्हा, पण त्यांनाही विचारा.

शहरातच बघायचं असेल तर मोतीबागेत नॅरोगेजचं संग्रहालय आहे, २००२ मध्ये उघडलेलं. जुनी इंजिनं, छोटे डबे, सिग्नलचे दिवे. सध्या उघडं आहे का ते आधी बघा. पण माझं ऐकाल तर म्युझियमला नेऊ नका. लाईनवरच्या एखाद्या स्टेशनावर न्या. उमरेड रोड तर तुमच्या दारातून जातो, दिघोरी नाक्यावरून सरळ.

सायकलभाऊ | ८ जून, रात्री १०.१०

ती गाडी एवढी हळू चालायची म्हणतात का पोट्टे उतरून बोरं तोडून पुन्हा चढायचे. खरं आहे का काका?

दिघोरीकर | ८ जून, रात्री १०.३५

विचारलं. बाबांचं उत्तर जसंच्या तसं: "थाप आहे. चढ होता तिथंच उतरत होते. आणि बोरं नाही, टेंभरं."

रविवारी जातो. कळवतो.

धरमपेठची वैनी | शनिवार, १२ जून, दुपारी ४.००

डब्याचं काय ठरवलं? भात नेऊ नका, या दिवसांत सकाळी केलेला नऊला आंबतो. दुधात भिजवलेल्या दशम्या टिकतात, तिखटमिठाच्या पुऱ्या टिकतात. सांबारवडी नेली तर तिथेच संपवा, परत आणू नका. पन्हं थर्मासमध्ये. आणि कांदा घरीच चिरून नेऊ नका, तिथे बुक्कीने फोडा.

(पुणेकरांसाठी: सांबार म्हणजे कोथिंबीर. दरवेळी समजवावं लागते.)

दिघोरीकर | रविवार, १३ जून, रात्री ८.३०

जाऊन आलो. सविस्तर लिहितो, कारण अट मोडली आणि ती कबूल करायची आहे.

पहाटे पावणेपाचला निघालो. दोन दिवसांमागे पाऊस येऊन गेलाय, त्यामुळे हवेत दमटपणा होता, पण सकाळ बरी होती. पाचगाव ओलांडल्यावर डावीकडे आभाळ लाल झालं आणि पोरगी उठून बसली. बाबा पुढच्या सीटवर. मी काही बोललो नाही, ते रस्त्याकडे बघतच नव्हते, लाईन कुठून दिसते तेच शोधत होते.

कुहीकडचं एक छोटं स्टेशन. नाव मुद्दाम लिहीत नाही, पुढच्या रविवारी तिथे व्हिडिओ काढायला झुंबड नको. एकच खोली, कौलारू, भिंतीवर रेल्वेचा तो पिवळा-तपकिरी रंग अजून टिकून. तिकीटखिडकीच्या दगडाला मधे खोलगट झालंय, शंभर वर्षं नाणी सरकवून. पोरीने त्यात हात घालून बघितला. रूळ गवतात होते, इतके जवळ जवळ की ती दोन्हींवर पाय ठेवून उभी राहिली.

मला वाटलं बाबा भावुक होतील. ते चिडले. फलाटावर बकऱ्यांच्या लेंड्या पडल्या होत्या, कुणीतरी चूल मांडून काळं केलं होतं. "हे काय आहे?" असं दोनदा म्हणाले, जसं आम्हीच केलंय. मग कडुनिंबाची एक मोडकी फांदी उचलली आणि झाडायला लागले. चौऱ्याहत्तर वर्षांचा माणूस, तोंडाला मास्क, डोक्याला दुपट्टा, बंद पडलेल्या स्टेशनाचा फलाट झाडतोय. मी फांदी घ्यायला गेलो तर दिली नाही. बायको म्हणाली, राहू द्या. मी दर पाच मिनिटांनी पाणी देत होतो, रात्रपाळी ताईंचं ऐकून. वीस मिनिटांत खोलीसमोरचा तुकडा स्वच्छ झाला आणि मग तिथेच चटई टाकून दशम्या खाल्ल्या.

तेवढ्यात लाईनीपलीकडून एक बकऱ्यावाला आला. आम्ही हात करून लांबच थांबवलं, तोही थांबला. बाबांना कमी ऐकू येतं, त्यालाही येत असावं. पंधरा मिनिटं दोघं रुळांच्या दोन बाजूंना उभे राहून ओरडत होते. भिवापूरच्या मिरचीची पोती कोणत्या डब्यात चढायची. कोणत्या ड्रायव्हरला फाटकावर चहा लागायचा. पावसात नाल्यापाशी गाडी कितीदा अडकली. बकऱ्यावाला म्हणाला, "आता नागपूरले जायचं तं शंभर रुपये लागते." बाबा म्हणाले, "माझ्या टायमात निम्मे लोक बिनातिकीट." तो हसला. म्हणाला, "मीच तो."

साडेआठला निघायला गाडीत बसलो. चावी फिरवली, टिक्. पुन्हा टिक्. बॅटरी. दीड महिना गाडी हललीच नव्हती, त्यात बाबा दार उघडं टाकून आत बसायचे, दिवा चालू. हे मला तेव्हा सुचायला हवं होतं. ज्यांच्याकडून गाडी वापरात नाही म्हणून तपासून घेतली होती, त्यांनी बॅटरी "एकदम ओके" सांगितली होती. असो.

सावली सरकत होती. मेकॅनिक बोलवायचा तर दीड तास. शेवटी बकऱ्यावाला आणि त्याची दोन पोरं आली आणि तिघांनी धक्का मारला. मास्क एकाच्याही तोंडाला नाही. मी आत, बायको-पोरगी आणि बाबा झाडाखाली. तिसऱ्या धक्क्याला इंजिन लागलं. पैसे द्यायला गेलो तर घेतले नाहीत. उरलेल्या पुऱ्या घेतल्या.

घरी १०.४०. म्हणजे दहाची अट मोडली आणि माणसांचीही मोडली.

रात्रपाळी | १३ जून, रात्री ९.१५

उघड्यावर, गाडीच्या मागून, दोन मिनिटं, आणि तुम्ही आत. जीव टांगणीला लावायचं कारण नाही. बाबा झाडाखाली होते ते चांगलं झालं. पुढचे काही दिवस घसा, ताप बघा, काही वाटलं तर लगेच टेस्ट. त्या बकऱ्यावाल्याच्या घरी लस झाली का हे विचारायला हवं होतं. चौकशीसाठी नाही, त्याच्यासाठी.

फलाटाचं वाचून मी वॉर्डात हसले. दुसऱ्या सिस्टरला वाचून दाखवलं.

मोतीबागवाला | १३ जून, रात्री ९.४०

फोटो टाका हो. खिडकीचा तरी टाका.

दिघोरीकर | १३ जून, रात्री ९.५५

खिडकीचा टाकतो. बाबांचा झाडतानाचा त्यांनी टाकू दिला नाही. म्हणाले, "ड्रेसमध्ये नव्हतो."

जुनं नागपूर | सोमवार, १४ जून, सकाळी ७.३०

१६ नंतर जुनापाणी विसरू नका. तिथे झाडायला काही नाही.

सायकलभाऊ | १४ जून, सकाळी ७.५५

दिघोरीकर भाऊ, स्टेशनाचं नाव नका सांगू, मी शोधतो माझ्या मार्गानं. फक्त एवढं सांगा, तिथं पाणी आहे का? सायकलवर दोन बाटल्यांच्या वर लादता येत नाही.

दिघोरीकर | १४ जून, सकाळी ८.२०

खोलीच्या मागे हापशी आहे. पहिले पंधरा-वीस हापसे नुसती हवा, मग लाल पाणी. ते जाऊ द्या. त्यानंतर येतं ते गार आहे.